पाठ वाऱ्याकडे

डोलकाठीचा वरचा अर्धा तुकडा
सव्वीस वर्षं पाथर्डी फाट्याच्या आमच्या बाल्कनीत
कपडे वाळत घालायला होता.
खालचा अर्धा माळ्यावर,
कूलरच्या खोक्यामागे, शिडाच्या गुंडाळीत.
कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, पडद्याचा रॉड.

मार्चएंडचे हिशेब मिटले त्या रविवारी
ओले टॉवेल खुर्चीवर टाकले
आणि दोन्ही तुकडे एकात एक बसवून पाहिले.
बसले.
आतून चिमूटभर वाळू सांडली,
तारकर्लीच्या शिबिरातली,
एका विशीतल्या मुलीची.
शिडाची पारदर्शक खिडकी मात्र
पापडासारखी मोडत होती.

फळी भावाकडे, मोहाडीला,
द्राक्षांच्या क्रेटखाली निघाली.
तो म्हणाला, अगं, मला वाटलं दार आहे कसलंतरी.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर
पहिल्या दुपारी मी इतक्यांदा पडले
की म्हशी राखणारा पोरगा मोठ्याने मोजायला लागला.
अकरानंतर त्याने मोजणं सोडलं.
ही त्याची माणुसकी.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असं आबा म्हणायचे.
मला ती लबाडांची म्हण वाटायची.
पण फळीवर गुडघे लटपटत असताना,
पाण्यात आडवं झालेलं शीड
दोरीने इंच इंच वर ओढताना
पाठ वाऱ्याकडेच लागते,
नाहीतर शीड उठत नाही.
अंजनेरीकडून येणारा वारा
मानेवरच्या घामाला आधी कळतो,
मग टाचांना,
आणि मग एकदम हातातलं ओझं
ओझं राहत नाही.

चाळीस हात गेले असेन.
वारं प्यालेल्या वासरासारखी.
मग पुन्हा धपकन पाण्यात.

काठावर तुळशीदास बेंडकोळी जाळं सोडवत बसलेले.
वर न बघताच म्हणाले,
तुमच्यासारखा एक येडा मुकण्यावर बी हाये.
मी नाकातलं पाणी काढत विचारलं, कोण?
तर म्हणे, नाव कशाला विचारतो मी,
निळं शीड हाये त्याचं.

दोन रविवार मुकण्याच्या काठाने निळं शोधत फिरले.
भेटले ते वाल्मिक निरगुडे.
ओझरला विमानांच्या पत्र्यांवर
तीस वर्षं रिव्हेट मारून निवृत्त झालेले.
शिडाला फ्लेक्सचं मोठं ठिगळ,
त्यावर 'हार्दिक शुभे'
एवढंच वाचता येणारं.
माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय,
तर, तुमचं फिन कितीचं आहे?
नमस्कार नंतर केला.
त्यांना वाटत होतं, जिल्ह्यात आपण एकटेच.
मलाही तेच वाटत होतं,
फक्त त्यांचं वाटणं नऊ वर्षांचं होतं.

त्यांच्यामुळे दारणेवरची झरीन कळली,
घोटीकडे गुरांची डॉक्टर,
गाडीत इंजेक्शनं आणि हार्नेस एकाच पेटीत.
आणि तिच्यामुळे तो सिन्नरचा पोरगा, हृषी,
ज्याला पोहता चांगलं येतं
आणि वळता अजिबात येत नाही.
समोरच्या काठाला लागला
की फळी डोक्यावर घेऊन चालत परत येतो.

आज चौघं गंगापूरला जमलोय
आणि वारा नाही.
बाभळीचं पानही हलत नाही.
झरीनने अंड्यांचा डबा उघडलाय,
निरगुडे काका शिडाच्या गाठी
उगाच सोडून पुन्हा बांधतायत,
हृषी विचारतोय, वळताना आधी पाय की आधी हात,
आणि तिघं तीन उत्तरं देतोय.
कुणी कुणाच्या घरचं काही विचारत नाही.
झरीन मला अजून निरगुडेबाई समजते.
मी दुरुस्त करणारच होते,

पण पलीकडे, पंपहाऊसच्या खाली,
पाण्यावर एक काळसर चट्टा उमटला
आणि सरकायला लागला इकडे.

डब्याचं झाकण तसंच राहिलं.
गुडघाभर पाण्यात शिरल्यावर
हृषी ओरडला, काकू, तुमच्या काठीला काहीतरी अडकलंय!
वर बघितलं.
कपड्यांचा हिरवा चिमटा.
काढायला वेळ नव्हता.